शम्साचा चेक

१४ जानेवारी २००३, मंगळवार

तिळगुळाचे तीळ करपले. सगळ्या घरात वास!

कारण दुपारी तीनला हे दारात उभे. सतरा वर्षांत जबल अलीहून हा माणूस साडेसातच्या आत कधी घरी आलेला नाही. मी विचारलं, बरं वाटत नाहीये का? बूट काढता काढता म्हणाले, "नोटीस दिली." मला वाटलं ह्यांनीच कुणाला तरी दिली. गोदामाचे स्टोअरकीपर, देतातही कधी कधी. "मला दिली, प्रमिला." गोदाम आता दुसरी कंपनी चालवणार. शेवटचा दिवस ३१ मे. मग विसा कॅन्सल आणि तीस दिवसांत चालते व्हा!

पिशवीतून कंपनीची नवी डायरी काढली, दरवर्षी मिळते तशीच, प्लास्टिकच्या कव्हरची. माझ्यापुढे ठेवली. "घे. शेवटची."

अस्मी नववीत. पुढच्या वर्षी बोर्ड. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सो वी आर गोइंग बॅक? बॅक व्हेअर?" जन्म शारजातला पोरीचा. तिला कुठलं आलंय बॅक!

१७ जानेवारी, शुक्रवार

कमरुद्दीनभाई जेवायला. मूळचे दापोलीचे, देऱ्यात टायपिंग सेंटर. विसा, लायसन, अर्ज— अख्ख्या दुबईचे कागद आपल्याच हाताखालून जातात असा थाट. पण माणूस कामाचा.

त्यांची योजना अशी. मुंबईचं 'पंगतघर' आहे ना, थाळीवालं, त्यांची इथे दुबईत, करामा भागात, एक शाखा आहे. तिचा मालक गाशा गुंडाळतोय. फ्रँचायझीसकट तीन लाख ऐंशी हजार दिरहम. मी मनात गुणाकार केला आणि ताटातली भाकरी ताटातच राहिली. जवळजवळ पन्नास लाख रुपये!

"नोटीस मिळालेल्या माणसाला कोण देणार कर्ज?" मी म्हटलं.

तर म्हणे सरकारी योजना आहे. स्थानिक तरुणांनी धंद्यात उतरावं म्हणून बँक पैसे देते आणि हमी सरकारची. व्याज नावाला. फक्त मालक इथला हवा, आणि थोडे पैसे पदरचे घालायचे. मालक कमरुद्दीनभाईंच्या ओळखीत आहे— शम्सा नावाची मुलगी, चोवीस वर्षांची, कॉलेज झालेलं, वडील नाहीत. महिन्याला तीन हजार द्यायचे, ती सही करणार. धंदा आपला.

"म्हणजे सरकारला खोटं सांगायचं?"

"वहिनी, खोटं कशाला? जरा कमी सांगायचं."

हे हसले. गेल्या तीन दिवसांत पहिल्यांदा. म्हणून मी गप्प बसले.

२५ जानेवारी, शनिवार

डोंबिवलीचा फ्लॅट विकायचं ठरलं. फ्लॅट, माझ्या पाटल्या आणि बँकेतलं सगळं मिळून एक लाख दिरहम होतात. आता अस्मीचा प्रश्न सुटला. बॅक कुठंच नाही.

३ फेब्रुवारी, सोमवार

शम्सा आली. मला वाटलं होतं नखरेल असेल. काळी अबाया, पायात स्पोर्ट शूज, हातात वही! हिंदी फाडफाड बोलते. लहानपणी घरात केरळची आया होती आणि टीव्हीवर हिंदी पिक्चर, असं म्हणाली. मला "खालती" म्हणते. म्हणजे मावशी.

मुलाखतीत सगळं तिलाच विचारणार, म्हणून तिला धंदा शिकवायचा असं ठरलंय. शिकवणार कोण? मी! इथे शारजात, अल मजाजच्या घरात बसून बावीस डबे काढते ना रोज— चोरून, लायसनशिवाय. आता माझी ती चोरटी विद्या कामाला आली. आठवड्यातून तीन दुपारी यायची आहे.

आज पहिलाच प्रश्न: "खालती, एक किलो आटा में कितना रोटी?" मी म्हटलं, कुणाच्या हातची? तिनं तेही लिहून घेतलं.

९ फेब्रुवारी, रविवार

आज एक गोष्ट झाली ती मला आवडलेली नाही.

कमरुद्दीनभाई कागद घेऊन आले. शम्सा फक्त नावाची मालक, खरे मालक हे, असा करार. त्यावर तिनं सही केली. मग तिच्याकडून एक चेक घेतला. सही आहे, आकडा आहे, ह्यांचं नाव आहे, तारीख नाही. चार लाखांचा! इथली ही पद्धतच आहे, घरभाड्यालाही आम्ही देतो असे. पण आपले एक लाख, मग चेक चार लाखांचा का?

"वहिनी, चेक जेवढा मोठा, तेवढा माणूस सरळ."

वरच्या मजल्यावरचे नायर आठवले. भाड्याचा चेक परत गेला आणि चार महिने आत. बायको तुरुंगाच्या गेटवर डबा घेऊन उभी राहायची. तारीख घालून बँकेत टाकला की झालं! आणि ह्या पोरीच्या खात्यात चारशे दिरहम तरी असतील का?

तिनं सही केली तेव्हा मी चहा गाळत होते. मी काही बोलले नाही. हेही लिहून ठेवते.

ह्यांनी चेक माझ्याकडे दिला. "तू जपून ठेव, मी हरवीन." या डायरीच्या प्लास्टिकच्या कव्हरात सरकवलाय, पुठ्ठ्याच्या मागे. इथे कोण बघतंय? हे कधी डायरीला हात लावत नाहीत आणि अस्मीला मराठी वाचता येत नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार

पोरगी हुशार आहे! पंगतघरचा जाडजूड करार माझ्या ओट्यावर पसरून बसली. ग्रेव्ही सगळी त्यांच्याकडूनच घ्यायची, पिशव्यांतून, गोठवलेली. डाळसुद्धा पिशवीतली! वर विक्रीवर सहा टक्के त्यांचे. चहावरही. "खालती, चाय भी उनका है क्या? चाय तो तुम बनाएगा."

मी ह्यांना रात्री जेवताना सांगितलं. तर म्हणाले, "तिला म्हणावं उत्तरं पाठ कर. बाकीचं बघायला मी आहे."

तिनं माझ्या डाळीत बोट बुडवून चाटलं आणि म्हणाली, पिशवीतली अशी लागत नाही. मला इतकं बरं वाटलं की चेकची आठवणच झाली नाही. मग झाली.

१२ मार्च, बुधवार

मुलाखत. आम्ही खाली गाडीत. हे नखं खात होते. एक तास वीस मिनिटं!

ती आली, सीटवर बसली आणि एकदम हसायला लागली. म्हणे, रोजचे निर्णय कोण घेणार असं विचारलं. मी म्हटलं मी. मग विचारलं, आचारी दोन दिवस आला नाही तर? तिनं सांगितलं, कांदा आधीच परतून ठेवते, डाळ मी करते, आणि पोळ्या अशा बाईकडून आणते जी माणशी चार धरते आणि पाच पाठवते. माझंच वाक्य! सगळे खूश.

हे मागे वळून म्हणाले, "शाब्बास!" जणू पोपटानं पेरू मागितला. ती मात्र खिडकीबाहेर बघत म्हणाली, "अंकल, मैं झूठ नहीं बोली. मुझे आता है सब."

२१ मार्च, शुक्रवार

तिकडे इराकमध्ये युद्ध सुरू. कमरुद्दीनभाई म्हणतात सगळी कर्जं अडकणार. दिवसभर टीव्ही. डब्याच्या दोघा गिऱ्हाइकांनी डबा बंद केला, घरी निघाले. ३१ मेला किती दिवस राहिले ते मोजायचं नाही असं ठरवलंय. एकाहत्तर.

२ एप्रिल, बुधवार

पाडवा. बाल्कनीत गुढी उभारली, वॉचमननं खालून विचारलं हे काय वाळत घातलंय.

अकरा वाजता फोन. कर्ज मंजूर! दोन लाख ऐंशी हजार! ह्यांनी मला चक्क उचलायचा प्रयत्न केला, कंबर धरून बसलेत आता. अस्मीचा निकालही आला, नववी पास, हिंदीत ब्याण्णव. म्हणाली, "सो वी आर स्टेइंग?" मी म्हटलं, इन्शाल्ला. दारं लोटून रडले थोडी.

६ एप्रिल, रविवार

आनंद चार दिवस टिकला. सरकारी कागदावर शम्सानं सही केली की माझ्यामागे कुणी लपलेला भागीदार नाही आणि मी कुणाला काही लिहून दिलेलं नाही. सही करण्याआधी एकदा माझ्याकडे बघितलं. मी पर्सची चेन उघडली, लावली, उघडली.

म्हणजे आता तो चेक बाहेर आला तर पोरीवर दोन्हीकडून संकट. इकडून पोलीस, तिकडून सरकार.

ह्यांना म्हटलं, परत देऊन टाकू या का? हे म्हणाले, "वेडी आहेस का? आपला विसा आता तिच्या सहीनं होणार. तिच्या हातात आपला विसा, आपल्या हातात तिचा चेक. बरोबरी आहे." आणि खोटं बोलत नव्हते ते. फ्लॅट गेला, पाटल्या गेल्या. एवढा एक कागदच तर आहे आमच्याकडे.

२६ एप्रिल, शनिवार

करामातलं दुकान ताब्यात येऊन सहा दिवस झाले. पिशव्या फोडून फोडून बोटं बधिर.

आज सरकारी साहेब अचानक पाहणीला. पांढरा पायघोळ कंदुरा, तरुण, सभ्य. शम्सा स्वयंपाकघर दाखवत होती, फ्रीजचं तापमान, कच्चं वर, शिजलेलं खाली— मी मध्येच पुटपुटले उलट, उलट! तिनं लगेच सुधारलं. साहेब माझ्याकडे वळले. "अँड यू?"

"कुक," मी म्हटलं.

हे गल्ल्याशी उभे होते, गोदामातली उरलेली रजा काढलीय ना. त्यांना विचारलं तर "कॅशियर" म्हणाले. मग घरी यायला निघालो. पुलावर ट्रॅफिकमध्ये दीड तास! शेवटी म्हणाले, "पैसे आपले, आणि मी कॅशियर."

मला कुक म्हणवून घ्यायचं वाईट वाटलं नाही. मी कुकच आहे. पण हे त्यांना कसं सांगू?

८ मे, गुरुवार

आज भडका उडाला.

शम्सा रोज दहाला येते. सरकारी योजनेचा नियम आहे, मालकानं हजर राहायचं. आम्हाला वाटलं होतं तासभर बसेल, मोबाइलवर बोलेल, जाईल. ती एप्रन बांधते! तिनं पंगतघरला मेल लिहून एका पदार्थाची परवानगी आणली, आमचा स्वतःचा. कुळथाचं पिठलं आणि भात. माझ्या हातचं. तीन दिवसांत पिशवीतल्या पनीरपेक्षा जास्त खपलं!

पण संध्याकाळी तिनं ह्यांना विचारलं, "अंकल, कल का कैश में एक सौ दस कम क्यों है?" भाजीवाल्याला दिले होते, चिठ्ठी राहिली होती, एवढंच. पण हे तांबडेलाल. "कालची पोरगी मला हिशेब विचारते! नावाची मालक आहेस तू, नावाची!" चार गिऱ्हाइकं बघत होती.

ती शांतपणे म्हणाली, कर्ज माझ्या नावावर आहे. बुडालं तर मी बुडेन.

खरं आहे की! आम्ही तिला सहीपुरती धरली. सही करणारीला हात आणि डोळेही असतात हे आमच्या ध्यानातच आलं नाही. आणि तिला शहाणी कुणी केली? मीच.

घरी आल्यावर हे म्हणाले, "तो चेक कुठे आहे?"

"आहे," म्हटलं.

११ मे, रविवार

चेक परत द्यायचा. उद्या देते.

१४ मे, बुधवार

आज दुकानात गर्दी होती. उद्या.

१७ मे, शनिवार

पर्समध्ये घालून नेला आणि तसाच परत आणला. ह्यांच्या विसाचा अर्ज अजून तिच्या टेबलावर आहे, सही व्हायचीय. आधी सही होऊ दे, मग देऊ. एवढं शहाणपण नको का?

शहाणपण कसलं, भीती! अस्मीची शाळा, हे घर, सगळं त्या एका सहीवर. चांगुलपणा करायचा आणि महिन्याभरात सामान बांधायचं? फ्लॅट असता तर दिला असता. खरंच दिला असता? माहीत नाही.

२० मे, मंगळवार

कांदे चिरताना शम्सानं स्वतःच विषय काढला. "खालती, वो चेक किसके पास है?"

"माझ्याकडे."

तिनं श्वास सोडला. "तुम्हारे पास है तो ठीक है. मुझे लगा अंकल के पास है." आणि पुढचा कांदा घेतला.

यापेक्षा शिव्या घातल्या असत्या तर बरं! चेक तेव्हा कुठे होता? पंधरा किलोमीटरवर, ह्या डायरीत. सांगायला काय झालं होतं, की उद्या आणते? तोंड उघडलं आणि म्हटलं, मीठ दे गं.

२४ मे, शनिवार

आज ह्यांनी कपाट उपसलं. तांदळाचा डबासुद्धा! मी म्हटलं चेक बँकेच्या लॉकरमध्ये आहे. बावीस वर्षांच्या संसारात एवढं सरळ खोटं पहिल्यांदा.

"मग काढून आण. ३१ला मी आणि कमरुद्दीनभाई तिच्या घरी जाणार. तिच्या आईसमोर ठेवणार चेक. नुसता दाखवायचा. तारीख कोण घालतंय? गल्ल्यावरून उठेल ती आपोआप."

मी म्हटलं, तिची आई तिचं लग्न लावायला टपलीय, दुकान बंद करून घरी बसवतील तिला. आणि ती घाबरून सरकारला सांगून बसली तर? आपणच आगीतून फुफाट्यात!

तर एकदम खाली बसले. पसरलेल्या कपड्यांच्या ढिगात. म्हणाले, "सतरा वर्षं मी लोकांचे माल मोजले, प्रमिला. एक बॉक्स इकडचा तिकडे नाही झाला. आता म्हातारपणी कुणी मला एकशे दहा दिरहम विचारायचे?" मला त्यांचाही राग येईना. हीच तर पंचाईत आहे, कुणाचाच धड राग येत नाही.

अस्मी दारात उभी राहून सगळं ऐकत होती. "इज एव्हरीथिंग ओके?" मी म्हटलं, काही नाही, अभ्यास कर.

उद्या नक्की.

२६ मे, सोमवार

नाही जमलं.

२७ मे, मंगळवार

हे आणि मी दुकानातच अडकलो, एकवीस माणसांची ऑर्डर. अस्मी शाळेतून तिथेच आली होती, तिला शम्सानं आपल्या गाडीतून घरी सोडलं. शनिवारला चार दिवस उरले. चेक फाडून टाकावा का? म्हणजे कुणाला काही सांगायलाच नको. पण मग तिला कसं कळणार की फाडला? मेली बुद्धीच चालत नाहीये.

२८ मे, बुधवार

आज माझी सुट्टी. दुपारी शम्साचा फोन. "शुक्रन, खालती. मुझे पता था तुम भेजेगा." मी हो हो म्हणत राहिले. ओघात हेही बोलून गेली की ह्यांच्या विसाच्या अर्जावर तिनं सोमवारीच सही केली, कालच पाठवला. फोन ठेवला आणि कव्हरात बोट घातलं. रिकामं.

अस्मी समोर गणितं करत होती. मान वर न करता म्हणाली, "आय गेव्ह इट टू हर. इन द कार. आय सेड यू सेंट मी." मग वहीचं पान उलटत, "यू वुड हॅव जस्ट केप्ट रायटिंग 'उद्या', आई."

'उद्या' मराठीत म्हणाली.

हिंदीत ब्याण्णव मार्क, आणि मी म्हणे पोरीला मराठी वाचता येत नाही!

अस्मी, हेही वाचशीलच. तर वाच. बाबांना मी सांगणार आहे, ते घरी आल्या आल्या. तू मध्ये बोलायचं नाहीस. आणि शम्सालाही सांगणार की मी पाठवला नव्हता. आजच.